अक्काच्या हौदावरचं छप्पर

अक्का, तू गेल्याला आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. मंगल वाढते ती खाली मान घालून. पोरी चपला हातात घेऊन घरात फिरतात. काल मी मुद्दाम भाजीत मीठ नाही म्हणून आवाज चढवला, तर हीच मंगल, माझी बायको, जी एरवी पळीनं उत्तर देते, ती म्हणाली, "बरं, घालते." झालं, विषय संपला. तू असतीस तर धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं तम्मा म्हणून सुनावलं असतंस, "तम्मा, मीठ भाजीत न्हाय का तुझ्या जिभंला चव न्हाय, ते बघ की आधी." मग मी काही बोललो असतो, मग तू, आणि अर्ध्या तासानं दोघं चहा पीत बसलो असतो. आता घरात सगळे माझं ऐकून घेतात. तू गेल्याचं मला खरं कळलं ते यावरून.

मैंदर्गीचे काका म्हणाले, अक्काबद्दल लिहून काढ, समाजाच्या मासिकात देऊ. जन्म कुठला, सासर कुठलं, कुणाकुणाचं काय काय केलं. मी कागद घेऊन बसलो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात वीस वर्षं लिहिण्यातच गेली माझी, पण एक ओळ पुढं सरकेना. डोळ्यांपुढं येत होता तो आपल्या परसातला हौद आणि त्याच्यावरचं छप्पर. तेव्हा ते मासिकाचं काका बघतील. मी तुझ्याशी बोलतो.

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या थंडीत तुझे गुडघे आखडले. उठताना भिंत धरायचीस, बसताना माझा खांदा. अक्कलकोटच्या वैद्यांनी सांगितलं की निर्गुडीचा पाला घालून पाणी उकळायचं, सोसेल एवढं निवलं की त्यात रोज अर्धा तास बसायचं, कंबर बुडाली पाहिजे. एवढं मोठं भांडं कुठून आणायचं? मंगल म्हणाली, लग्नाच्या कार्यालयातून भाताचं पातेलं मागून आणू. तुला आठवला परसातला हौद. टँकरचं पाणी साठवायला बहात्तर साली घाईघाईनं बांधून घेतलेला, आणि पाऊस पडल्यावर मोडक्या खुर्च्या टाकायला वापरलेला. उंचीनं बेताचा, पण ऐसपैस. मांडी घालून बसलं की पाणी छातीशी यायचं, आत उतरायला एक पायरी. आखडलेल्या गुडघ्यांनी तो तूच घासून काढलास. शेजारी तीन दगडांची चूल मांडलीस, तुरीच्या काटक्या लावल्यास, वर मोठा हंडा. पहिल्या दिवशी जुनेर गुंडाळून तू त्या पाण्यात उतरलीस आणि "हर हर" म्हणून जे डोळे मिटलेस, ते मंगल भाकरी थापून, डबा भरून परत आली तरी मिटलेलेच होते. ती घाबरून मला बोलवायला आली.

अडचण एकच, की हौद उघड्यावर. मागं बोळ, शेजारच्यांच्या घराचं धाबं, आणि वर कडुनिंब. दोन बाजा उभ्या करून त्यांच्यावर चादरी टाकल्या, त्या वाऱ्यानं पडल्या. लिंबोळ्या पाण्यात पडायच्या. कावळ्यानं काय काय पाडलं ते लिहीत नाही. मार्च लागला आणि सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यात जायला लागलं. छप्पर पाहिजे यावर तुझं-माझं एकमत झालं. आपलं एकमत झालेली ती बहुतेक पहिली आणि शेवटची गोष्ट.

मी आपला कारकून माणूस. रद्दी फॉर्मच्या पाठीवर रकाने आखले: ऊन, वारा, आडोसा, टिकाऊपणा. खाली पत्रा, कौल, ताडपत्री, बांबूचे तट्टे. तो कागद खिशात घालून रविवारी तुला टांग्यात बसवलं आणि नवी पेठ ओलांडून पत्र्याच्या दुकानात गेलो. तू उभ्या केलेल्या पत्र्यावर बोटानं टकटक केलंस आणि म्हणालीस, "ह्याच्याखाली मी भाकरीवाणी फुगीन की." दुकानदार हसला. तू त्याच्याशी कानडीत सुरू झालीस, पाच मिनिटांत त्याचं आजोळ मैंदर्गीशेजारचं निघालं, आणि तो माझा माल विकायचा सोडून तुझ्या गुडघ्यांना तेल सुचवायला लागला. सिमेंटचा पत्रा दाखवला तर म्हणालीस, हे गोदामावर घालतात. ताडपत्री दाखवली तर, "ही तुझ्या पार्सलांवर घाल. मी काय पोतं हाय?" तट्ट्यांना वाळवी लागते म्हणून ते मीच खोडले. तासाभरानं सगळ्या रकान्यांवर काट मारून आपण हात हलवत बाहेर आलो.

परतीच्या टांग्यात मी चिडून विचारलं, "मग पाहिजे तरी काय तुला?"

"चार खांब. वर सावली. कमरंएवढी भिंत. बास. बाकी मोकळं."

"आणि लोक?"

"लोकांना काय दिसंल? डोकंच की. डोकं तर बाजारात बी दिसतं."

मी म्हणालो, चारी बाजूंनी बंद पाहिजे, दार पाहिजे, आतून कडी पाहिजे, घरातली बाईमाणूस आहे. तू टांगेवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोललीस. सासरी तू अंघोळ करायचीस ती गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्याच्या पडद्यामागं, बाप्ये उठायच्या आत. दोन तांबे पाणी. तिसऱ्या तांब्याला बाहेरून सासूचा खाकरा. "अट्टावीस वर्सं मी अंगूळ न्हाय केली, तम्मा. अंग भिजवून पळाले. आता गुडघ्यांच्या निमतानं का हुईना, निवांत बसाया मिळालंय. चारी बाजूंनी कोंडू नको मला."

तुझ्या सासरच्या गोष्टी मला माहीत होत्या असं मी समजत होतो. भावजी गेल्यावर तुला इकडं घेऊन आलो, त्याला सात वर्षं झाली होती. ही गोष्ट तू कधी सांगितली नव्हतीस. मी नुसतं "बघू" म्हणालो. माझ्या "बघू"चा अर्थ तुला ठाऊक होता. तू टांग्यातून उतरताना हसत होतीस.

मैंदर्गीचा बसण्णा गवंडी तूच बोलावलास. तू त्याला कानडीत सांगितलंस, नाल्कु कंबा, म्हणजे चार खांब, वर छत, कमरेएवढी भिंत. मी ऑडिटसाठी आठ दिवस वाडी जंक्शनला गेलो. परत आलो आणि परसाच्या दारातच पिशवी हातात धरून उभा राहिलो. चारही खांबांना वर कमळं. छतावर घुमट. घुमटावर कळसाला जागा. आणि बसण्णा हात धुऊन मोठ्या अदबीनं मला विचारतोय, "अण्णा, नंदी कुणीकडं तोंड करून बसवायचा?"

त्या माणसानं जन्मभर देवळाचे मंटप बांधले होते. चार खांब म्हटलं की पुढचं त्याचे हात आपोआप करायचे. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं तर तू खाटेवर बसून पदर तोंडात कोंबून हसत होतीस. आठ दिवस ती खाट समोर टाकून तू सगळं बघत होतीस. "अगं, मग सांगायचं नाहीस का त्याला?" म्हटलं, तर म्हणालीस, "इतक्या मनानं करतुया, कसं सांगू? आणि वंगाळ काय हाय त्यात? सावली पडती की." नंदीची आठवण निघाली की नंतर कितीतरी दिवस तुला ठसका लागायचा.

मग जे व्हायचं तेच झालं. मागच्या बोळातून गिरणीला जाणारी माणसं परसाच्या गडग्यापाशी आली की चप्पल काढून हात जोडायला लागली. कुणीतरी गडग्यावर झेंडू ठेवून गेलं. कळसाची जागा उघडी दिसते म्हणून मंगलनं त्याच्यावर मडकं पालथं घातलं, तर हात जोडणारे आणखी वाढले. एका सकाळी नवं जोडपं वाकून नमस्कार करत होतं, आणि वाफेतून तुझं मोकळ्या केसांचं डोकं वर आलं. "सुकी ऱ्हावा," तू म्हणालीस. ती पोरगी किंचाळून पळाली आणि नवरा तिच्या मागं. मी लाजेनं घरात जाऊन बसलो होतो. तू मात्र मला हाका मारत होतीस, "तम्मा, बाहीर ये की, बघ, मी देव झाले."

ती दोन वर्षं मी आता बसून बसून आठवतो. चूल पेटवायचं काम मंगलचं, हंडा उतरवायचं माझं. तू पाण्यात, मी भिंतीच्या अलीकडं परसाच्या पायरीवर तुझ्याकडं पाठ करून, हातात पेपर. मी बातमी वाचायची आणि तू तिचा निकाल लावायचीस. माझ्या ऑफिसातली सगळी माणसं तुला नावानिशी माहीत होती. कोण बढतीला लायक, कोण चहाडखोर, हे तू त्यांना न बघता सांगायचीस आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. हळूहळू बोळातल्या बायका गडग्यावर येऊन टेकायला लागल्या. कुणी मुलीचं स्थळ विचारायची, कुणी पापडाचं प्रमाण. तुझे गुडघे इतके सुटले, की तू सिद्धेश्वराच्या देवळाला माझा हात न धरता जाऊन आलीस आणि मला म्हणालीस, "आता तू माजा हात धर, दमलास." तेवढं सुख मी तुझ्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं, अक्का. ते मी माझ्या हातानं बंद केलं.

आता ते सांगतो. आपण त्यावर कधी बोललो नाही.

आमचे साहेब एका रविवारी सकाळी न कळवता घरी आले. मी त्यांना ओसरीवर बसवणार, तोवर ते "मागं बाग आहे का?" म्हणत सरळ परसात. आणि तू घुमटाखालून, केस मोकळे, छातीपर्यंत पाणी, अगदी मोकळ्या मनानं, "या सायेब, च्या घेतला का?" साहेब मागल्या पावली ओसरीवर आले. चहा पिऊन, मंगलच्या चिवड्याचं कौतुक करून गेले. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. माझ्या मात्र कानशिलांतून धूर निघत होता.

ते गेल्यावर मी बोललो, उद्याच्या उद्या पत्रे मारून चारी बाजू बंद करणार. तू म्हणालीस, "न्हाय." मी पुन्हा बोललो. तू पुन्हा, "न्हाय. गुडघे माजे हायेत, अंगूळ माजी हाय." आणि मी म्हणालो, "पण घर माझं आहे."

तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं होतं तू भांडशील, तुझ्याकडं शंभर उत्तरं असायची. तू उठलीस, केसांची गाठ मारलीस आणि आत गेलीस. अक्का, मी रागाच्या भरात बोललो हे खरं, पण नवऱ्यामागं भावाच्या दारात आलेल्या बहिणीला कुठला शब्द लागतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो तोंडात आला.

पुढच्या आठवड्यात तू बारशाला मैंदर्गीला गेलीस. मी पत्रे आणले, कमळाच्या खांबांना चौकटी ठोकल्या, भिंतीपासून छतापर्यंत सगळं बंद केलं, दार लावलं, आतून कडी बसवली. आठ दिवसांनी तू आलीस. पिशवी ठेवून परसात गेलीस, दार उघडून आत बघितलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. वाऱ्याचं सोसत न्हवतं मला." दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून हंडा चढवायला गेलो, तर न्हाणीत तांब्याचा आवाज. एक. दोन. मग दार उघडल्याचा. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस.

"पाणी तापवतोय की मागं," मी म्हणालो.

"कशाला? झाली माजी अंगूळ."

चार महिने, अक्का. चार महिने मी अंथरुणात पडून ते दोन तांबे ऐकले. तू भांडली नाहीस, रुसली नाहीस, माझ्या डब्याला शेंगाचटणी विसरली नाहीस. फक्त पुन्हा भिंत धरून उठायला लागलीस. मला दिसत होतं. रोज ऑफिसला जाताना वाटायचं, आज संध्याकाळी पत्रे काढतो. संध्याकाळी वाटायचं, मी काढले तर ती जिंकली असं होईल. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि थोरल्या बहिणीशी हार-जीत खेळत होतो. एकदा मंगल म्हणाली, "अक्कांना नुसतं या म्हणा की. त्या येतील." मी तिलाही गप्प केलं.

छातीत कफ झाला म्हणून तुला दवाखान्यात नेलं तेव्हाही वाटलं, आठवड्यात घरी येशील. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या खाटेपाशी बसलो होतो. घरून ठरवून आलो होतो सांगायचं म्हणून. तू विचारलंस, "जेवलास का?" मी म्हणालो, जेवलो. "खोटं बोलतुयास." मग मी डब्यातलं तुझ्यासमोर जेवलो, तू बघत होतीस, आणि जेवण होईपर्यंत तुला झोप लागली. उठल्यावर सांगू म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी सांगितलं नाही ते नाहीच.

तुला घरी आणायचं काम काकांवर सोपवून मी सायकलनं पुढं आलो. सगळ्यांना वाटलं, तयारीला गेला. मी सरळ परसात गेलो आणि पहार घेतली. पहिला पत्रा निघताना तळहात कापला. मंगल धावत बाहेर आली, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता पत्र्याचं दुसरं टोक धरलं. चारी बाजू आम्ही दोघांनी उघड्या केल्या. दारही उपटलं. मग मी चूल पेटवली, हंडा चढवला, आणि मंगलनं निर्गुडीचा पाला आणून त्यात टाकला.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात. तुला आणल्यावर बायकांनी हौदाच्या पायरीवर बसवलं, खांबाला टेकवून. बाप्ये सगळे समोरच्या अंगणात. एक बाई म्हणाली, भोवतीनं चादरी धरू या. मी म्हणालो, नको, भिंत पुरे आहे. मी चुलीपाशी, तुझ्याकडं पाठ करून बसलो. मागून पाण्याचा आवाज येत होता, आणि मंगल तुझ्याशी बोलत होती, अक्का, हात वर घ्या, अक्का, केस सोडते हं. बोळातल्या बायका एकेक तांबा ओतून बाजूला होत होत्या. मी रडत होतो आणि जाळ सारत होतो. मनात म्हणत होतो, अक्का, चुकलं माझं. तुझं तोंड दिसत नव्हतं म्हणून तरी मला ते म्हणता आलं.

हंडा संपला. मी दुसरा चढवला. तेवढ्यात काका परसाच्या दारात आले. म्हणाले, "जंगम अय्या खोळंबलेत, गाडी उभी आहे. राहू दे ते पाणी. दोन तांबे ओता आणि आटपा आता."

मी उठून उभा राहिलो. समोरच्या अंगणात, बोळात, धाब्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "काका, हे घर तिचं आहे. तिची अंघोळ व्हायची आहे अजून."

दुसरा हंडा तापेपर्यंत सगळे तुझ्यासाठी थांबले.